राहीबाईंची झोप

कोरोना गेला, पण जाताना आमच्या भागातल्या प्रत्येक माणसाला ऑक्सिजनचा तज्ज्ञ करून गेला. पूर्वी लोक पेशंटला भेटायला यायचे, सलाईनकडे बघून 'चालू हाय ना' म्हणायचे आणि केळी ठेवून निघून जायचे. आता ते आधी बोटाच्या चिमट्यातला आकडा बघतात, मग भिंतीवरच्या बाटलीतले बुडबुडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. त्या बघण्याचा अर्थ मला पाठ झालाय. सिस्टर, एवढाच सोडलाय का? जसा काही तो सिलिंडर मी माहेराहून आणलाय आणि पुरवून पुरवून वापरतेय.

माझं माहेर केडगावचं, सासर काष्टीचं, आणि नोकरी काष्टीतल्याच एका छोट्या खाजगी दवाखान्यात. नाव सुमैरा. तोंडाने फटकळ आहे असं सगळे म्हणतात आणि मी ते नाकारायच्या भानगडीत पडत नाही. नर्सने नेहमी गोड बोलावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा बाजारच्या दिवशी आमच्या वॉर्डात उभं राहून दाखवावं.

बाजारच्या दिवशी काय होतं, तर बाजाराला आलोच आहोत तर दवाखान्यातलं भेटणंही उरकून घेऊ, असा सगळ्यांचा हिशोब असतो. शेळी विकून झाली, मेथीच्या जुड्या पिशवीत पडल्या, की माणसं दवाखान्याचा जिना चढतात. एका पेशंटला पाच-पाच जण. बाहेर बाजारातला भोंगा, आत यांच्या गप्पा, आणि मधे मी गोळ्यांचा ट्रे घेऊन 'सरका, सरका' करत फिरते.

त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी होती राहीबाईंच्या खोलीत.

राहीबाई म्हणजे पलीकडच्या गावातल्या मावशी. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या. दौंड रस्त्यावरच्या एका ढाब्यावर त्यांनी आयुष्यभर चुलीवर भाकरी थापल्या. हल्ली अशा ढाब्यांवर 'चुलीवरची भाकर' अशी मोठी पाटी असते आणि पुण्याची माणसं गाडी थांबवून तिचे फोटो काढतात. भाकर खरंच छान लागते, माझं काही म्हणणं नाही. फक्त ती खाऊन झाली की एकदा मागच्या पत्र्याच्या खोपटात डोकावून बघावं, म्हणजे तो धूर कुणाच्या छातीत जातो ते कळेल. राहीबाईंनी उभ्या जन्मात कधी विडी ओढली नव्हती. तरी त्यांची छाती एखाद्या जुन्या विडीबहाद्दराची असते तशी झाली होती.

लोकांना वाटतं, दम लागलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. अशा पेशंटचं खरं दुखणं उलटं असतं, त्यांना श्वास सोडता येत नाही. धुराने आतल्या बारीक नळ्या सुजून अरुंद होतात. श्वास घेताना त्या जराशा उघडतात आणि सोडताना मिटतात. मग वापरलेली हवा आतच कोंडून राहते आणि नव्या हवेला जागाच उरत नाही. राहीबाई आल्या तेव्हा आडव्या होऊच शकत नव्हत्या. खाटेवर बसायच्या, समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कोपरं टेकवायच्या आणि ओठांचा चंबू करून एकेक श्वास बाहेर ढकलायच्या. खांदे वर, मानेच्या शिरा ताठ. रात्री नाही, दिवसा नाही, झोप म्हणून नाही. बघणाऱ्याचाच जीव कासावीस व्हायचा.

अशा माणसाला ऑक्सिजन बेतानेच द्यायचा असतो. चिमट्यातला आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या मधे राहिला की आम्ही खूश. त्याच्या वर न्यायला गेलं तर कोंडलेला कार्बन डायऑक्साइड वायू रक्तात वाढत जातो, आणि तो वाढला की माणसाला गुंगी येते. हे मी राहीबाईंच्या मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मामा, या चावीला हात लावायचा नाही," असं स्पष्ट बजावलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. मान डोलावणं आणि पटणं यात किती अंतर असतं ते मला एवढ्या वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं.

मामा म्हणजे गहिनीनाथमामा. ग्रामपंचायतीचे वॉलमन, म्हणजे गावाला पाणी सोडणारे. लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचं, वरच्या आळीचा वॉल बंद करून खालच्या आळीचा उघडायचा, आणि शेवटच्या गल्लीतल्या बायकांच्या शिव्या खायच्या, की आमच्याकडं प्रेशरच येत नाही. उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. बायकोच्या खाटेशी दिवसभर बसून असायचे, पण तिच्याशी दोन शब्द बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. पाणी प्यायला द्यायचं तर नुसता पेला पुढे करायचे.

त्या दुपारी खोलीत सात-आठ माणसं होती आणि त्यांच्या मधोमध काकासाहेब. राहीबाईंचे चुलतभाऊ. कोरोनात हे स्वतः दवाखान्यात राहून आलेले, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा.

"मला पंधरा लिटर लावल्ता," ते सांगत होते. "पंधरा. बाटली निस्ती खळाखळा उकळत हुती. म्हनून तर आज तुमच्यासमोर हुबा हाय. हितं बघा, मोजून चार बुडबुडं."

"ह्यांचा आजार वेगळा आहे," मी म्हटलं.

"आजार येगळा आसंल सिस्टर, पन हवा तर एकच हाय ना."

मी उत्तर देणार होते आणि ते उत्तर फार गोड झालं नसतं, पण तेवढ्यात खालून हाक आली. बाजाराच्या तोंडाशी टेम्पो कलंडला होता आणि दोन माणसं रक्ताळलेली आणली होती. मी राहीबाईंचा आकडा पाहिला, एकोणनव्वद. उशी नीट केली, सगळ्यांना "पाच मिनिटांत खोली रिकामी करा" असं सुनावलं आणि खाली पळाले.

पुढचं मला नंतर कळलं. मी गेल्यावर राहीबाईंना खोकल्याची उबळ आली आणि आकडा घसरला. काकासाहेबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. आणि जन्मभर ज्या माणसाने 'प्रेशर कमी येतंय' ही तक्रार ऐकली की चावी फिरवायची एवढंच केलं, त्याने उठून चावी फिरवली. ऑक्सिजन किती सुटतोय ते दाखवणारी काचेच्या नळीतली गोळी वर टेकेपर्यंत फिरवली.

आणि खरंच, सगळं कसं छान झालं. आकडा चढत चढत अठ्ठ्याण्णववर गेला. काकासाहेबांनी त्याचा फोटो काढून चाकणला राहीबाईंच्या मुलाला पाठवला. हळूहळू राहीबाईंचे खांदे खाली आले. श्वासाची घाई थांबली. मान उशीवर कलली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना झोप लागली. मामांनी त्यांना हलकेच आडवं केलं, ओठांवर बोट ठेवून एकेकाला बाहेर काढलं, भोंग्याचा आवाज नको म्हणून खिडकी लावून घेतली आणि दाराबाहेरच्या बाकावर पहाऱ्याला बसले. आमची वॉर्डातली कडूबाई वाफेचं मशीन घेऊन आली, तर तिलाही परत पाठवलं. "आत्ता नगं बाई. लई दिसांनी डोळा लागलाय."

कडूबाई बिचारी परत गेली. तिचं तरी काय चुकलं? झोपलेल्या माणसाला उठवू नये, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

मी टाके, पट्ट्या सगळं आवरून वर आले तेव्हा मामा बाकावरून उठून पुढे आले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहत होते.

"सिस्टर, जरा हळू," ते कुजबुजले. "झोपलीय. लई शांत झोपलीय."

मी आत गेले. खोलीत खरंच शांत होतं, फक्त भिंतीवरची बाटली खळखळत होती. तो आवाज ऐकला आणि मी सरळ खाटेकडे धावले. राहीबाईंचा चेहरा लालसर, तुकतुकीत दिसत होता. हात हातात घेतला तर गरम. श्वास इतका संथ आणि उथळ, की छाती हलतेय का ते वाकून बघावं लागलं. आकडा अठ्ठ्याण्णव. बाहेरच्या कुणीही हात जोडावेत असा आकडा.

"मावशी," मी हाक मारली. "राहीबाई मावशी." खांदा धरून हलवलं. छातीच्या हाडावर मुठीने चोळलं. घशातून एक घरघर आली, बाकी काही नाही.

मी चावी मागे घेतली, पूर्वी होती तिथपर्यंत. पूर्ण बंद करायची नसते, नाहीतर दुसऱ्या बाजूने माणूस हातचं जातं. डोक्याकडची बाजू उंच केली आणि दारातून कडूबाईला ओरडून सांगितलं, मॅडमना बोलाव, असशील तशी पळ.

मामा दारात आले होते. "कमी कशापायी करताय? झोपू द्या की तिला."

"मामा, ही झोप नाहीये," मी म्हटलं.

आमच्या डॉक्टर निकिता मॅडम दवाखान्याच्या वरच राहतात. हातही न पुसता जेवणावरून उठून आल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत, पण कठीण वेळी त्यांचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, छाती ऐकली, राहीबाईंचे हात वर धरून पाहिले. पंजे झटके दिल्यासारखे गळून पडत होते.

"वायू चढलाय," त्या म्हणाल्या. "बायपॅप लावू. तासभर बघू. जाग्या झाल्या तर ठीक. नाही झाल्या तर नगरला न्यायचं, घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. ॲम्ब्युलन्सला सांगून ठेव." आणि मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "या छातीला एकदा व्हेंटिलेटरवर घेतलं ना सुमैरा, की उतरवणं अवघड."

ते मला माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही असं एक माणूस पाठवलं होतं, ते परत आलं नाही.

बायपॅप म्हणजे तोंडानाकावर घट्ट बसणारा मुखवटा आणि त्याला जोडलेलं मशीन. ते हवा जोराने आत ढकलतं आणि मग जोर कमी करून बाहेर जाऊ देतं, म्हणजे थकलेल्या छातीचं अर्धं काम ते करतं. ऐकायला सोपं वाटतं. पण तो मुखवटा नीट बसवणं हे कसबाचं काम आहे. सैल राहिला तर हवा डोळ्यांवर फुसफुसते, घट्ट आवळला तर नाकाच्या हाडावरची कातडी जाते. मी नाकावर मऊ कापसाची घडी ठेवली, पट्टे एकेक बोट जाईल एवढे ओढले, आणि खाटेच्या कडेला बसून त्यांच्या कानाशी तोंड नेलं. गुंगीतल्या माणसाच्या तोंडावर मुखवटा लावून निघून जायचं नसतं, उलटी झाली तर ती आतच जाते. त्यामुळे मी तिथून हलणार नव्हते.

"मावशी, सोडा," मी म्हणत राहिले. "घेऊ नका, घ्यायचं काम मशीन करतंय. तुम्ही फक्त सोडा. चुलीवर फुंकर मारता तशी. लांब. अजून लांब."

मामा पायथ्याशी उभे होते. मी मान वर न करता विचारलं, "चावी कुणी फिरवली?"

काकासाहेबांचं नाव येईल असं मला वाटलं होतं. ते तर एव्हाना बाजारात पसार झाले होते, त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं.

"म्या," मामा म्हणाले.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. सांगितलेलं कळत नाही का, आम्ही इथे काय शोभेला उभे आहोत का, असलं बरंच. हात राहीबाईंच्या मुखवट्यावर आणि तोंडाचा पट्टा मामांवर चालू. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पन हवा जास्ती झाल्यानं मानूस कसं काय बुडतं, सिस्टर?"

विचारण्यात वाद नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मग माझाही राग जरा उतरला आणि मी सांगितलं. आतली हवा बाहेर पडत नाही, कोंडून राहते. वरून कितीही चांगली हवा सोडली तरी कोंडलेली तशीच राहते, उलट वाढते, आणि तीच मग डोक्यात जाते.

मामांनी मशीनकडे पाहिलं. "म्हंजी लाईनीनं हवा धरली म्हना की," ते म्हणाले. "टाकीतून किती बी सोडा, पुढं हवा आडकलेली आसली की पानी न्हाई जात. आदी हवा काडावी लागती."

"तेच. हे मशीन हवा काढतंय."

"अन् म्या वरून पाईप फुटस्तवर प्रेशर दिलं." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि मग ते खोलीबाहेर गेले. मी हाक मारली, "मामा, इथेच बसा, त्यांच्याशी बोलत राहा, ओळखीचा आवाज ऐकू दे." ते जिन्याजवळ भिंतीला टेकून खाली बसले आणि आत यायला तयार होईनात. "माजा हात नगं तिच्या आसपास," म्हणाले.

मी दुसरं काय करणार होते? पाठ ताठ झाली, पाय मुंग्यांनी भरला, तरी बोलत राहिले. सोडा मावशी, सोडा. मनात अल्लाची करुणा भाकली, आणि राहीबाईंच्या उशाखाली कुणीतरी अंगारा ठेवला होता तो पडू नये म्हणून नीट आत सरकवला. कुणाचा उपयोग होईल ते सांगता येत नाही.

कधीतरी त्यांच्या बोटांनी माझं बोट धरलं. आधी वाटलं भास झाला. मग पापण्या हलल्या, डोळे अर्धे उघडले, छताकडे फिरून माझ्यावर आले. मी कडूबाईला खूण केली आणि मॅडम आल्या.

अशा वेळी पेशंट किती भानावर आहे ते बघायला ठरलेले प्रश्न विचारतात. मॅडम वाकून मुखवट्याजवळ गेल्या.

"मावशी, तुमचं नाव सांगा."

"राहीबाई." मुखवट्याआडून घोगरा, पण समजेल असा आवाज.

"आत्ता कुठं आहात?"

"दवाखाना."

"शाब्बास. मालकांचं नाव काय?"

राहीबाई काही बोलल्या नाहीत.

"मालकांचं नाव आठवतंय का, मावशी? तुमचे मिस्टर. काय नाव त्यांचं?"

राहीबाईंनी मॅडमकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं, गालावर हलकं थोपटून. काहीच नाही.

मॅडम सरळ झाल्या. त्यांचा आवाज आणखी खाली आला होता. "पुन्हा गुंगीत चालल्यात. आत्ता बोलत होत्या आणि आता नाही. मला हे आवडत नाहीये. वाट बघण्यात अर्थ नाही, हलवू."

मला तर वाटलं होतं आपण जिंकलो. या आजारात असं होतं, माणूस काठाला येतं आणि पुन्हा घसरतं. कडूबाईने ॲम्ब्युलन्सवाल्याला हाक दिली. चाकांचा स्ट्रेचर व्हरांड्यात खडखडत आला. तो आवाज ऐकून मामा जिन्यापासून उठले असावेत, कारण मी मुखवट्याची नळी सोडवायला म्हणून वळले तर ते दारात उभे होते. चौकटीला धरून. चेहरा राखेसारखा.

आणि तेवढ्यात राहीबाईंचा हात हलला. सुई टोचून पट्ट्या बांधलेला डावा हात. तो हळूहळू वर गेला आणि डोक्यामागे चाचपडू लागला. मला वाटलं मुखवटा ओढून काढतायत. गुंगीतली माणसं तेच करतात, मुखवटा ओढतात, सुई उपसतात. मी हात धरायला पुढे झाले. तर त्या बोटांनी उशीखाली दबलेला पदर शोधून काढला, मुखवट्याच्या पट्ट्यांवरून डोक्यावर घेतला आणि कपाळापर्यंत नीट पुढे ओढला.

दारात मालक उभे होते ना.

मला हसू फुटलं. भलत्या वेळी, भलत्या जागी, पण आवरेना. मॅडम माझ्याकडे अशा बघायला लागल्या की आता दुसरा स्ट्रेचर मागवावा.

"मॅडम, थांबा," मी म्हटलं. "आपण विचारलं काय त्यांना? मालकाचं नाव. त्या कशा घेतील?"

"म्हणजे?"

मी खाटेवर वाकले. "मावशी, थोरल्या मुलाचं नाव काय?"

"हनुमंत," पदराआडून, मुखवट्याआडून उत्तर आलं.

"कुठं असतो तो?"

"चाकनला. कंपनीत."

"आणि हनुमंताचे वडील? ते कुठं आहेत?"

राहीबाईंनी डोळे पूर्ण उघडून माझ्याकडे पाहिलं. मंद डोक्याच्या पोरीकडे बघावं तसं. "आंधळी हायस का, पोरी? हे काय दारात हुबं हायेत."

मॅडम खाटेच्या कडेवर धपकन बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझी आजी," त्या बोटांआडून म्हणाल्या, "रेशनच्या दुकानात सुद्धा आजोबांचं नाव सांगायची नाही. शेजारणीला न्यायची सांगायला. आणि मी या बाईला नगरला घेऊन निघाले होते." त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही.

तरी त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. पंजे आता सरळ राहत होते. आकडा नव्वदवर होता, जिथे असायला हवा तिथेच. श्वासाला लय आली होती. स्ट्रेचर आला तसा खडखडत परत गेला. ॲम्ब्युलन्सवाला खाली जाताना काहीतरी पुटपुटला, पण मी त्या वेळी कुणावरही चिडायच्या मनःस्थितीत नव्हते. माझ्या पाठीवरून पोतं उतरलं होतं. इतकं हलकं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

बाजार उठता उठता मॅडमनी थोडा वेळ मुखवटा काढायची परवानगी दिली. मी नाकावरची घडी काढली, कातडी शाबूत होती. त्यांना बसतं केलं, टेबलावर उशी दिली, चमच्याने पाणी पाजलं. मग बाहेर जाऊन मामांचा दंड धरला आणि त्यांना आत आणून खाटेपाशी उभं केलं.

"अगं," ते म्हणाले, आणि थांबले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "ती चावी म्याच फिरवली. समदं माज्यामुळं झालं."

राहीबाईंनी ओठांचा चंबू करून एक लांब श्वास सोडला. घाई केली नाही. मी शिकवलं होतं तसा, अगदी शेवटपर्यंत सोडला.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. पुढचं एकेका श्वासाला थोडं थोडं आलं. "डोळं मिटलं हुतं, कान न्हाई. काकासाहेब म्हनत हुता, दाजी, आता लई झालं, नका फिरवू. त्यो बी घाबारला हुता." मग पुन्हा फुंकर. "अन् तुमी म्हनला, ऱ्हाऊ दे. तिला कदी काय मिळालं न्हाई माज्याकडनं. हवा तरी कमी पडाया नगं."

मामांनी मान आणखी खाली घातली. कडूबाई केरसुणी धरून तशीच थांबली होती.

"येवडी वर्सं झाली," राहीबाई म्हणाल्या, "कदी आसं बोलला न्हाईत. मला वाटलं, मराया लागलेय म्हनून ऐकू येतंय."

मामांच्या गळ्यातून हुंदका फुटला. ते खाटेच्या कडेला बसले आणि तोच उजवा हात त्यांनी तिच्या पाठीवर ठेवला. तिने पदर सावरला, पण हात काही बाजूला केला नाही. दोघं तसेच बसून राहिले, आणि ती श्वास सोडत राहिली.

मी व्हरांड्यात येऊन बेसिनचा नळ सोडला आणि ओढणीने डोळे पुसत बसले. मागून कडूबाई आली. "सिस्टर, रडताय का? बरी हाय ना ती?"

"बरी आहे," मी म्हटलं. "म्हणूनच."